नगव्याचं महाळुंग

नगवा, वाराणसी
२० ऑक्टोबर २०२४

चि. प्रेमला हिस धुंडूदादाचे अनेक आशीर्वाद.

तुला फोन केला तर तू पलीकडून "कोण? कोण बोलतंय?" एवढंच म्हणतेस, आणि मी "अगं मी, काशीहून मी!" म्हणून ओरडलो की शेजारचे मिश्राजी खिडकीतून डोकावतात. कानाचं यंत्र तू डबीतच ठेवणार असशील, तर आपली निळी शाईच बरी. शाईला मोठ्याने बोलावं लागत नाही.

यंदा बाढ आली. 'पूर म्हण दादा' असं तू म्हणशील, पण अठ्ठ्याहत्तर वर्षं या गावात काढल्यावर पाणी आमच्याकडे बाढ होऊनच येतं. अस्सीचा नाला उलटा फिरला आणि गंगामाई सहा दिवस आपल्या आंगणात मुक्कामाला राहिली. गेली तेव्हा हातभर गाळ ठेवून गेली. तो उपसला. पण महिनाभरानं पाहतो तर आत्याच्या महाळुंगाच्या बुंध्याला साल फाटून डिंक सुटलेला. मधासारखा ओघळतो. पानं हळदीची झालीत. ईशानीच्या ओळखीचे एक शेतकी शिकलेले गृहस्थ येऊन पाहून गेले. खोडावर बोट टेकवून म्हणाले, "बाबूजी, एक साल. बहुत हुआ तो डेढ़."

माझी ही नात तशी धीट, पण तिनंही मान खाली घातली.

तुला ते झाड लावलेलं आठवत नसेल. आत्या, म्हणजे तुझी आई, तुला कडेवर घेऊन आमच्या घरी, आपल्या भावाकडे, कायमची राहायला आली, त्याला तीन-चार वर्षं झाली असतील. तू पहिलीत बसलीस त्या पावसात तिनं ते कुठूनसं आणून लावलं. मी पाचवीत होतो. फळं धरली तेव्हा आख्खा मोहल्ला बघायला आला होता. लिंबाच्या जातीचं, पण तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढं फळ! रस नावाला, साल दोन बोटं जाड. वास मात्र असा की आंगणात एक पिकलं तर वरच्या खोलीत माझी कविता पाठ होईना. नवरात्रात अष्टमीला पहिलं फळ आपल्या घरच्या देवीच्या ओटीत, आणि बाकीच्यांचा मुरंबा. ती ओटी आजवर एकदाही बाजारच्या फळानं भरलेली नाही.

आत्या मला कधी खुरपं देत नसे. "धुंड्याच्या हाताला कविता लागते, रोप लागत नाही," म्हणायची. खरंच होतं ते. चाळीस वर्षं शाळेत या हातानं खडूच धरला.

प्रेमला, आता एकच हट्ट उरलाय. हे झाड जाण्याआधी त्याचं एक पोर माझ्या हातानं उभं राहिलेलं मला बघायचंय. तुमच्या वरूडच्या रोपवाटिकेत वर्षाला लाखानं संत्र्याची कलमं होतात. निमिषला मात्र पाठवू नकोस. तो तुझा मुलगा, हुशार आहे. येईल, पाच मिनिटांत काम करील आणि चहा पिऊन जाईल. मग ते त्याचं झाड होईल. मला शिकव.

तुझा
धुंडूदादा


वरूड
९ नोव्हेंबर २०२४

ती. धुंडूदादास प्रेमलाचा सा. नमस्कार.

पत्र आलं. दोन दिवस मी गालाला हात लावून बसले. निमिषला वाटलं दाढ दुखते. म्हटलं, दाढ नाही रे, माहेर दुखतंय.

आता रडणं झालं. काम ऐक.

बी लावू नकोस. लिंबाच्या जातीत बीचा भरवसा नाही, आईसारखं पोर निघेलच असं नाही. आणि फळ यायला सात-आठ वर्षं. तू तेव्हा किती वर्षांचा असशील ते मी लिहीत नाही. फांदी मातीत खोचलीस तर लागेलही, पण तिची मुळं त्याच झाडाची. पुन्हा पाणी साचलं की पुन्हा तोच डिंक. म्हणून मुळं दुसऱ्याची हवीत. आंबट रंगपूर लिंबाचं रोप घ्यायचं, ते ओल सोसतं. त्याला आम्ही खुंट म्हणतो. महाळुंगाच्या काडीवर पानाच्या बगलेत हरभऱ्याच्या टोकाएवढा टिपका असतो, तो डोळा. सालीच्या चिमूटभर तुकड्यासकट तो काढायचा आणि खुंटाची साल उभी-आडवी चिरून तिच्याआड बसवायचा. याला डोळा भरणं म्हणतात. एवढंच शास्त्र. बाकी सगळा हात.

पण आत्ता नाही. तुमच्या थंडीत साल सुटत नाही. होळीच्या आधीचे आठ-दहा दिवस धर. खुंटाची आठ रोपं मी पाठवते. आमचे शेजारी प्रल्हादराव फेब्रुवारी सरता सरता काशीयात्रेला निघतायत, त्यांच्याबरोबर बादलीतून येतील. त्यांना म्हटलं, पापं गंगेत सोडा आणि रोपं माझ्या भावाच्या दारात सोडा. अदलाबदल करू नका म्हणजे झालं.

दाढीचं कोरं पातं वापर. डोळा जमिनीपासून वीतभर उंच भर, म्हणजे पाणी आलं तरी शिवणार नाही. डोळ्याचं तोंड वर राहील असं बघ. तुझा नेम नाही, उलटाही बसवशील. वरून प्लास्टिकची पट्टी गच्च.

सगळे वर्ग एकाच खोलीत बसायचे त्या आपल्या शाळेत मला कवितेचं दुसरं कडवं कधी आलं नाही, आणि तू मागून कुजबुजून सांगायचास. मास्तरांनी दोघांनाही बाकावर उभं केलं होतं. आता बाकावर तू एकट्यानंच उभं राहायचंस. कुजबुजायला मी आहे.

प्रेमला


नगवा, वाराणसी
७ मार्च २०२५

चि. प्रेमला हिस आशीर्वाद.

प्रल्हादराव आले! बादलीसह आले! गाडीत गर्दी इतकी की माणसाला पाय ठेवायला जागा नाही, आणि हे सद्गृहस्थ मांडीवर बादली घेऊन बसलेले. कुणी विचारलं, "चाचा, प्रसाद है क्या?" यांनी मराठी थाटात मान हलवली, तर एकानं खरंच एक पान तोडून तोंडात टाकलं. तरी आठही रोपं जिवंत. मी त्यांना घाटावर नेऊन आणलं, जेवू घातलं, आणि निघताना ते मला म्हणाले, "मास्तर, माझ्या यात्रेचं पुण्य अर्धं या बादलीला गेलं."

काल डोळे भरले.

कसं सांगू? सकाळी आंगणात पाट मांडला. पातं उकळत्या पाण्यातून काढलं. महाळुंगाच्या उगवतीकडच्या फांदीला अजून हिरवेपणा आहे, तिची काडी मी हात जोडूनच कापली. पहिल्या चिरेला मी पातं हात लांब करून इतक्या दुरून टेकवलं की ईशानी म्हणाली, "आजोबा, पौधा है, बम नहीं!" मग दुसरी चीर. तिसऱ्या रोपाला मात्र साल अशी अलगद सुटली, जशी नव्या वहीची चिकटलेली पानं सुटतात. आत ओलं, पांढरं, चकचकीत. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांत झाडाच्या सालीआड कधी पाहिलं नव्हतं, ग. आम्ही मुलांना 'वृक्षवल्ली' असा शब्द शिकवत राहिलो, आणि तिच्या आत काय आहे हे मात्र काल कळलं.

आठ रोपं, आठ डोळे, तोंडं वर. दोनदा बघितली.

एक गोष्ट तुझ्या सांगण्याबाहेर केली. आत्याच्या झाडाला प्लास्टिक बांधायला मन धजेना. देवळातला लाल कलावा, मनगटाला बांधतात तो धागा, आणला आणि मंत्र म्हणत तोच बांधला. आणि रोज पाणी घालतो ते देवाच्या अभिषेकाचं: गंगाजल, थोडं दूध, थेंबभर मध. बघशीलच आता कसे फुटतात ते!

मोहल्ल्यात सगळ्यांना सांगितलंय.

तुझा
धुंडूदादा


वरूड
१९ मार्च २०२५

दादा,

नमस्कार नंतर. पत्र हातात पडल्या पडल्या उठ, आंगणात जा आणि तो कलावा सोड. ईशानीला हाक मार, तुला गाठी दिसत नाहीत.

अरे, सुताच्या धाग्यातून वारा आत जातो, पाणी आत जातं. डोळा वाळतो, नाहीतर कुजतो. देवाचा धागा माणसाच्या मनगटाला, रोपाला प्लास्टिक! दुकानातल्या पिशवीची बोटभर पट्टी काप, खालून वर गुंडाळत ने. आणि दूध-मध बंद. मुंग्या झाल्या असतील. झाल्याच असतील.

आमच्याकडे साठ वर्षांत हजार तऱ्हेच्या चुका बघितल्या. कुणी डोळा उलटा भरला, कुणी दारू पिऊन भरला. पण पंचामृत घातलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. निमिष हसून हसून ओट्यावर बसला. मीही हसले. मग पदर डोळ्याला लावला, कारण आईनंही असंच केलं असतं.

तीन आठवड्यांनी पट्ट्या उकल. डोळा हिरवा तर जगला, काळा तर गेला. जगलेल्या रोपाचा शेंडा, डोळ्याच्या वर चार बोटं सोडून, छाटायचा. नाहीतर खुंटाचा सगळा जोर वरच धावतो आणि डोळा झोपून राहतो. हे वाचून तू कचरशील, मला ठाऊक आहे. काशीत राहतोस, उठल्यासुटल्या दशाश्वमेधावर मुंडनं बघतोस, आणि करंगळीएवढ्या रोपाचा शेंडा उतरवायला तुझा हात अडणार!

आणि डोळ्याच्या खालून जे काही फुटेल ते नखानं खुडायचं. ते खुंटाचं, आपलं नाही.

प्रेमला


नगवा, वाराणसी
६ मे २०२५

चि. प्रेमला हिस आशीर्वाद आणि पेढे. पेढे लिफाफ्यात मावत नाहीत, म्हणून नुसतं लिहितो.

मुंग्या झाल्या होत्या. कलावा सोडला. आठांतले पाच डोळे काळे पडले होते. ते आठवडाभर मला अन्न गोड लागू देईनात. पण तीन हिरवे! हिरवे, चकाकणारे, टपोरे! आणि प्रेमला, त्या तिघांतल्या एकानं कोंब काढला. डोळ्याशीच. आज दीड वीत उंच आहे. दिवसाला बोटभर वाढतो. मी सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसतो तो ऊन डोक्यावर येईपर्यंत.

शेंडे अजून छाटले नाहीत, रागावू नकोस. जो आपणहून उठून उभा राहिला त्याला कशाला मुंडन? बाकीचे दोन झोपलेत. झोपू देत बापडे.

अक्षय्य तृतीयेला बारसं केलं. आत्याचं नाव गंगा, म्हणून याचं नाव गांगेय. ब्रह्माघाटाहून आपली चार मराठी मंडळी आली, मिश्राजी सहकुटुंब आले. ईशानीनं रोपाला टोपी घातली आणि विचारलं, "आजोबा, ये पौधा है या दूल्हा?" मी चार ओळी केल्या होत्या, त्या उभं राहून म्हटल्या:

परक्या मातीत पाय रोवुनी घरचे नाव सांगतो,
एका डोळ्यामधून अवघे आंगण पुन्हा मागतो;
हातामधला खडू सुटावा, हाती यावी माती,
उशिरा शिकल्या मुलास देवा, बसू दे पहिल्या पंक्ती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ईशानी म्हणते फोटो धाडू. मी म्हटलं, फोटोला वास नसतो. गांगेयचं एक पान वहीत दाबून वाळवलं आहे, ते सोबत ठेवतो. तुझ्या देवघरात ठेव.

झाडही बरं आहे.

तुझा
धुंडूदादा


वरूड
१७ मे २०२५

ती. दादास सा. नमस्कार.

कविता चांगली आहे. रोप चुकीचं आहे.

हे कसं लिहावं म्हणून तीन दिवस थांबले. पण आपण एका बाकावर उभं राहिलेली माणसं, गोल गोल काय लिहायचं?

तू पाठवलेलं पान माझ्यापाशी आहे, पण तुझ्याकडे तसली अजून असतील. एक घे. पान आणि देठ जिथे मिळतात तिथे बघ. बारीक सांधा दिसेल, जणू दोन तुकडे जोडलेत. तिथून वाकवलंस तर कट्कन मोडतं. देठाला दोन्ही अंगांनी बारीक पातीही आहे. आता आईच्या झाडाचं पान घे. त्याला असा सांधा नाही. देठातूनच पान सरळ निघतं, आणि कडेला दातरे असतात. आमच्या घरात तीन पिढ्या पानं वाचतायत. दादा, तुझा गांगेय हा रंगपूर लिंबाचा फुटवा आहे. डोळ्याशीच फुटला म्हणतोस. डोळ्याच्या केसभर खालून फुटला असेल. तुझ्या चष्म्याला तेवढं अंतर दिसलं नाही.

रोप राहू दे, तो फुटवा तेवढा बुडाशी खुडून काढ. तो त्या डोळ्याचं खातोय. आणि तिघांचेही शेंडे छाट, आजच. उन्हाळा वाढला की झोपलेले डोळे झोपेतच जातील.

राग येईल. येऊ दे. रागावून का होईना, पातं हातात घे.

आणखी एक. तू बारशावर पान भरून लिहिलंस, आणि आईच्या झाडावर तीन शब्द. तीन शब्दांत तू आयुष्यात काही लिहिलेलं नाहीस. खरं काय ते कळव.

प्रेमला


नगवा, वाराणसी
१४ सप्टेंबर २०२५

प्रेमला,

चार महिने तुला उत्तर नाही. तू दोन कार्डं टाकलीस, तीही तशीच टेबलावर आहेत. आता सगळं एकदम लिहितो, क्रमानं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते घडी करून खिशात घातलं आणि ईशानीला म्हटलं, "प्रेमलाचे कान गेले होते, आता डोळेही गेले." दोन दिवस मी गांगेयसमोर चहा घेऊन बसलो, पण त्याच्या पानांकडे बघेना. तिसऱ्या दिवशी पाहिलं. सांधा होता. वाकवलं, तर कट्कन मोडलं.

मग आत्याच्या झाडाकडे गेलो. तिथे तुलना करायला पान शोधावं लागलं, प्रेमला. कारण झाड बरं नव्हतं. मे लागला तेव्हाच उगवतीची ती एक फांदी सोडली तर सगळं वाळलेलं होतं. बारशाला आलेल्या लोकांना मी त्या बाजूला जाऊ दिलं नव्हतं, खुर्च्याच उलट्या मांडल्या होत्या. तुला ते लिहिणं जमलं नाही. तुझ्या आईचं झाड माझ्या राखणीत होतं.

त्या संध्याकाळी पातं उकळलं. गांगेयला काढलं. मी त्याला नाव दिलं होतं, ग. पुढे हात चालेना, म्हणून शाळेतली कविता मोठ्यानं म्हणायला लागलो, तू अडायचीस तेच दुसरं कडवं, आणि त्याच्या ठेक्यावर तिन्ही शेंडे उतरवले. ईशानी दारात उभी होती. ती आली आणि पातं माझ्या हातातून घेऊन गेली.

मिश्राजींना सांगणं त्याहून अवघड होतं. म्हटलं, "भाईसाहब, जिसका नामकरण हुआ, वह दूसरे का बच्चा निकला." ते म्हणाले, "मास्टर साहब, पेड़ा तो पच गया. अब वापस नहीं होगा." आणि मग म्हणाले, "असली वाला आए तो फिर बुलाइएगा."

अकराव्या दिवशी दोन डोळे उघडले, तिसरा झोपेतच गेला. कोंब जांभळट होता. मला वाटलं रोग पडला. ईशानीनं चष्मा पुसून दिला आणि म्हणाली, नवी पानं अशीच असतात, पुराने पेड़ की भी ऐसी ही थीं. खरंच की! इतकी वर्षं त्याच्याखाली बसलो आणि कोंबाचा रंग मला ठाऊक नव्हता. पहिल्या पानाला पंधरा दिवस हात लावला नाही. मग बघितलं. देठातून सरळ निघालेलं. सांधा नाही.

तुला तेव्हाच लिहायला हवं होतं. पण एकदा पेढे वाटून फसलो होतो. म्हटलं, पावसाळा जाऊ दे.

ऑगस्टात बाढ आली. या खेपेला अकरा दिवस. दोन्ही रोपं आम्ही छतावर नेली. खाली आंगणात पाणी, आणि त्या पाण्यात आत्याचं झाड उभं होतं. सातव्या दिवशी ते आवाज न करता कलंडलं. मी वरून पाहिलं. दोन्ही रोपं माझ्या बाजूला होती, एवढंच मला त्या वेळी बरं वाटलं.

आणि नगव्याची माकडं तुला सांगायला नकोत. बाढीत तीही छतावरच राहायला येतात. एका दुपारी माझा डोळा लागला तेवढ्यात एकानं एक रोप उपटून, हुंगून, नालीत फेकलं. दुसरं ईशानीनं कोंबडीच्या जाळीत झाकलं होतं म्हणून राहिलं.

तर आता एक आहे. हातभर उंच, सतरा पानं, एकालाही सांधा नाही. डोळा माझ्या हातानं भरलेला, शेंडा माझ्या हातानं उतरवलेला.

मी पुष्कळ विचार केला. आंगणात लावावं तर ती माती रोगट झालीय, दर दोन वर्षांनी पाणी येतंच. छतावर माकडं. मी एकोणऐंशीचा. या घरात हे एकच्या एकच राहील, आणि एके दिवशी एकही राहणार नाही. तुझ्याकडे गेलं तर एकाची शंभर होतील. हे कळायला अक्कल लागत नाही. फक्त तसं लिहायला मला आठ दिवस लागले, कारण मला ते रोज सकाळी चहाच्या वेळी समोर हवं होतं.

ईशानी दिवाळीनंतर परीक्षेसाठी नागपूरला जातेय. तिच्याबरोबर वरूडला पाठवतो. लाख कलमांच्या घरी काशीहून एक कलम येतंय, गंगा उलटी वाहतेय, असं म्हणून निमिष हसेल. हसू दे. मला लाज वाटत नाही, प्रेमला. मुलाला शाळेत पोचवायला जाणाऱ्या बापाची छाती जशी असते तशी माझी आहे.

तुझ्या आईचं झाड तुझ्या दारात लाव. मुलीच्या घरी आई जायला काय हरकत आहे?

धुंडूदादा


वरूड
३० नोव्हेंबर २०२५

ती. दादास,

ईशानी आली. टॅक्सीतून उतरली तेव्हा तिनं रोप असं छातीशी धरलं होतं की मला आधी ती दिसलीच नाही. माझ्या कानापाशी येऊन ओरडली, "आजी, संभालो! आजोबा रोए नहीं, मुझे छोड़ने आए और खुद गलत डिब्बे में चढ़ गए, टी.सी. ने उतारा." म्हणजे तुला उतरवायला टी.सी. लागला. हे तू लिहिलं नसतंस, म्हणून मी लिहिते.

चार महिने गप्प बसलास त्याचा राग मी पहिल्या पानाला सोडून दिला. पान मी डोळे मिटून बोटानं वाचलं.

मागच्या दारी विहिरीपाशी, उंचवट्यावर लावलं. पाणी साचत नाही तिथे. भोवती संत्र्याची रोपं, सगळी एका दोरीत, शाळेच्या प्रार्थनेला उभी असावीत तशी. त्यांच्यामध्ये हे.

दुसऱ्या दिवशी शिवराम आला. आमच्याकडे डोळे भरायला असतो, दिवसाला हजार भरतो, बोलता बोलता, न बघता. गुडघ्यावर बसून त्यानं जोड पाहिला. कोंब खुंटातून आडवा निघून मग वर वळलाय, कोपरासारखा. तुझी चीर तिरकी गेली होती. शिवराम म्हणाला, "बाई, हात कच्चा आहे. काठी लावून सरळ करून देतो, अजून कोवळं आहे, वळेल." आणि काठी आणायला उठलाही.

मी म्हटलं, "राहू दे."

"पुढे हे वाकडंच राहील, बाई. खोड जाड झालं तरी दिसत राहील."

"दिसू दे," मी म्हटलं. "इथे सरळ झाडं लाख आहेत, ती कुणी भरली हे मला एकाचंही सांगता येत नाही. हे वाकडं का, असं येणारा प्रत्येक माणूस विचारील. मग मी सांगेन: हा माझ्या दादाचा हात."

तुझी
प्रेमला